गोळी बरोबर, वेळ चुकलेली
थायरॉइड, हाडं, साखर आणि स्टिरॉइडच्या औषधांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांमध्ये ‘हे औषध घेऊ का?’ असा प्रश्न नाही. औषध डॉक्टरांनी दिलेलंच आहे. घोटाळा आहे तो कधी, कशाबरोबर आणि किती दिवसांनी घ्यायचं यात. हार्मोन आणि हाडांच्या औषधांत हा घोटाळा फार महागात पडतो, कारण यातल्या काही गोळ्यांची शंभरातली एखाद-दुसरी मात्राच रक्तात पोचते आणि काही इंजेक्शनांचा परिणाम ठरलेल्या महिन्यात संपतो. डोस वाढवणं-घटवणं ज्यांनी तपासलंय त्या डॉक्टरांचं काम; ते प्रत्येक उत्तरात पुन्हा लिहीत नाही.

प्रश्न : आईचं वय ६८. थायरॉइडसाठी थायरॉक्सिन ७५ मायक्रोग्रॅम रोज, हाडांसाठी ॲलेन्ड्रोनेट ७० मिलिग्रॅम दर रविवारी आणि गेल्या महिन्यापासून साखरेसाठी सेमाग्लुटाइडची गोळी रोज. तिन्हींवर ‘उपाशीपोटी’ लिहिलंय. कॅल्शियमही आहे. सकाळी उठल्यावर सगळं एकदम घेतलं तर चालेल?

नाही चालणार. ‘उपाशीपोटी’ हा एकच शब्द तीन गोळ्यांवर तीन निराळ्या अर्थांनी छापलेला आहे.

सेमाग्लुटाइडपासून सुरुवात करू. हा पेप्टाइड जातीचा रेणू, म्हणजे एरवी जठराने तो पचवूनच टाकला असता. म्हणून गोळीत सोबत एक वाहक क्षार घातलेला असतो. गोळी जठरात जिथे विरघळते तिथली आम्लता तो तेवढ्यापुरती मारतो आणि औषध जठराच्या भिंतीतून आत जातं. ही सगळी करामत गोळीच्या अगदी आसपास, थोड्याशा जागेत चालते. पाणी जास्त झालं की वाहक पातळ होतो आणि औषध वाया जातं. म्हणून पाणी जास्तीत जास्त १२० मिलिलिटर, अर्धा कप समजा. गोळी तोडायची नाही, चावायची नाही. पुढची ३० मिनिटं अन्न नाही, चहा नाही, दुसरी कुठलीही गोळी नाही.

ॲलेन्ड्रोनेटचं बरोबर उलट. त्याला भरपूर पाणी लागतं, १८० ते २४० मिलिलिटर, तेही साधं. ही गोळी अन्ननलिकेत अडकून बसली तर तिथे जखम करते, म्हणून ती पाण्याने खाली ढकलायची आणि निदान ३० मिनिटं ताठ बसायचं किंवा उभं राहायचं. गोळी घेऊन पुन्हा अंथरुणावर आडवं होणं ही नेहमीची चूक, आणि मग ‘गोळी सोसत नाही’ अशी तक्रार येते. सगळं नीट केलं तरी या औषधाचा शंभरातला एक भागसुद्धा शोषला जात नाही. कॉफी किंवा संत्र्याच्या रसाबरोबर घेतलं तर त्यातलाही निम्म्याहून जास्त जातो, आणि नाश्त्याबरोबर घेतलं तर जवळपास शून्य. दूध किंवा कॅल्शियम सोबत गेलं तर गोळी घेतली न घेतली सारखीच.

थायरॉक्सिन त्या मानाने सोशीक. नाश्त्याआधी ३० ते ६० मिनिटं मिळाली की त्याचं भागतं. त्याचं वैर आहे कॅल्शियम, लोह आणि ॲसिडिटीच्या काही औषधांशी. त्यांच्यापासून चार तास लांब. शिवाय तोंडाने घेतलेल्या सेमाग्लुटाइडमुळे जठर हळू रिकामं होतं आणि थायरॉक्सिनचं शोषण वाढतं, सुमारे एक तृतीयांशाने. म्हणजे दोन्ही सुरू असताना टीएसएचवर, म्हणजे थायरॉइडला हुकूम देणाऱ्या पिट्युटरीच्या हार्मोनच्या रक्तातल्या पातळीवर, लक्ष ठेवावंच लागतं.

आम्ही अशी मांडणी सुचवू. थायरॉक्सिन रात्रीवर न्यायचं. रात्रीचं जेवण आठला आटोपत असेल तर गोळी अकराला; मधले तीन तास पोटात काही नाही. कॅल्शियम दुपारच्या जेवणात. सकाळी साडेसहाला सेमाग्लुटाइड अर्ध्या कप पाण्याबरोबर, सातनंतर नाश्ता. थायरॉक्सिनची वेळ बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करायची.

रविवारचा पेच मात्र राहतोच. एक गोळी अर्धा कप पाणी मागते, दुसरी पूर्ण ग्लास. आधी सेमाग्लुटाइड, ३० मिनिटांनी ॲलेन्ड्रोनेट, त्यानंतर आणखी ३० मिनिटांनी नाश्ता, असं कागदावर जमतं. पण सेमाग्लुटाइडने अनेकांना मळमळ होते, आंबट वर येतं, आणि वर येणाऱ्या त्या आम्लाबरोबर ॲलेन्ड्रोनेट अन्ननलिकेत परत येणं हे सर्वांत वाईट. आईंना छातीत जळजळीचा त्रास असेल तर ही कसरत करूच नका. डॉक्टरांना सरळ विचारा: ॲलेन्ड्रोनेटऐवजी वर्षातून एकदा शिरेतून दिलं जाणारं झोलेड्रॉनिक ॲसिड चालेल का, किंवा सेमाग्लुटाइड गोळीऐवजी आठवड्याच्या इंजेक्शनने देता येईल का? दोन्हींपैकी एक झालं तरी रविवार सुटतो. झोलेड्रॉनिकसाठी मूत्रपिंडाचं काम, म्हणजे ईजीएफआर, ३५ च्या वर हवं आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता आधी भरून काढलेली हवी. पहिल्या सलाइननंतर एक-दोन दिवस कणकण, अंगदुखी होऊ शकते. ती पॅरासिटामॉलने निभते आणि दुसऱ्या वर्षी सहसा एवढी होत नाही.

आणखी एक, आठवड्याच्या गोळ्यांच्या डबीबद्दल. ‘सकाळ’च्या खणात सगळं एकत्र भरून ठेवणाऱ्या त्या डबीने बरेच गोंधळ केलेत. ॲलेन्ड्रोनेट त्या डबीत ठेवू नका. ते आपल्या पाकिटातच राहू द्या, पाकिटावर वार लिहा. रविवारी राहिलंच तर सोमवारी सकाळी घ्यायचं आणि पुढच्या वेळी परत रविवारी. एका दिवशी दोन कधीच नाही.

प्रश्न : थायरॉक्सिन सुरू करून तीन आठवडे झाले. टीएसएच १८ होती, आता ११. डोस कमी पडतोय का? केस गळतात म्हणून बायोटिनही घेते.

तीन आठवड्यांनी केलेली टीएसएच म्हणजे भात शिजायच्या आधी झाकण उघडून बघणं. थायरॉक्सिन शरीरातून निम्मं व्हायला सात दिवस लागतात, म्हणजे रक्तातली पातळी स्थिर व्हायलाच पाच-सहा आठवडे जातात, आणि पिट्युटरी ग्रंथी तिच्याही मागून चालते. सहा ते आठ आठवड्यांआधीच्या आकड्यावर डोस वाढवला की पुढच्या तपासणीत तो हमखास जास्त झालेला दिसतो. जास्त थायरॉक्सिन दिसतं निरुपद्रवी, पण वय झालेल्यांत हृदयाची लय बिघडवतं आणि हाडं झिजवतं.

बायोटिनचं मात्र बरं झालं विचारलंत. ते थायरॉइडला काही करत नाही, तपासणीला फसवतं. अनेक प्रयोगशाळांमधल्या चाचण्यांच्या रसायनात बायोटिन वापरलेलं असतं. रक्तात ते भरपूर असलं की टीएसएच खोटी कमी येते आणि टी-४, म्हणजे रक्तातलं थायरॉक्सिन, खोटा जास्त. म्हणजे तुमची ११ खरी त्याहून जास्तही असू शकेल. केसांच्या गोळ्यांत ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन असतं, शरीराच्या रोजच्या गरजेच्या शेकडो पट. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस ते बंद ठेवा. तपासणीच्या सकाळची थायरॉक्सिनची गोळी रक्त दिल्यावर घ्या, कारण गोळीनंतर दोन ते चार तास टी-४ वर चढलेला असतो.

थांबायचं नाही अशी परिस्थिती एकच: गर्भधारणा. थायरॉक्सिन चालू असताना चाचणी पॉझिटिव्ह आली तर गरज लगेच वाढते. आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या, म्हणजे दोन दिवस दोन-दोन, हा रूढ उपाय आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून तो सुरू करायचा.

प्रश्न : हाडांच्या ठिसूळपणासाठी दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅब घेत होते. चार इंजेक्शनं झाली, घनता सुधारली म्हणून पाचवं घेतलंच नाही. त्याला आता नऊ महिने झाले. पाठीत दुखतंय. वयाचं असेल?

वयाचं समजून थांबू नका. हे पत्र वाचून आम्ही सर्वांत आधी याचंच उत्तर लिहायला घेतलं होतं. या आठवड्यात पाठीच्या कण्याचा एक्स-रे काढा, छाती आणि कंबर दोन्ही भागांचा, बाजूने.

हाड खाणाऱ्या पेशी, ऑस्टिओक्लास्ट, तयार व्हायला एक इशारा लागतो. डेनोसुमॅब तो इशारा वाटेतच पकडतं. पण पेशी मरत नाहीत. त्या अर्धवट अवस्थेत रांग लावून थांबतात. औषध आहे तोवर रांग वाढत राहते. सहा महिन्यांनी त्याची पातळी उतरली की सगळी रांग एकदम कामाला लागते आणि हाडाची झीज औषध सुरू करण्याआधी होती त्याहूनही वेगाने होते. दोन-तीन वर्षांची कमाई एका वर्षात जाते. काही रुग्णांत मणक्यांचे फ्रॅक्चर होतात, एक नाही, दोन-तीन एकदम, कधी नुसतं वाकल्याने किंवा खोकल्याने.

ॲलेन्ड्रोनेट, झोलेड्रॉनिक ही बिस्फॉस्फोनेट गटातली औषधं हाडाच्या खनिजातच चिकटून बसतात आणि बंद केल्यावरही काही वर्षं थोडं थोडं काम करत राहतात. म्हणूनच तोंडाने घेतल्यास पाच आणि शिरेतून घेतल्यास तीन वर्षांनी, धोका कमी असणाऱ्यांना ‘सुट्टी’ देता येते. कुणाला तरी मिळालेली ती सुट्टी ऐकून लोक डेनोसुमॅबलाही सुट्टी देतात. या औषधाला सुट्टी नाही. ते थांबवायचं असेल तर शेवटच्या इंजेक्शननंतर साधारण सहा महिन्यांनी बिस्फॉस्फोनेट सुरू करूनच.

वेळेची मुभा किती? सहा महिन्यांवर काही आठवडे, सातवा महिना ओलांडायचा नाही. इंजेक्शन घेतल्या दिवशीच फोनमध्ये पाच महिन्यांनंतरची आठवण लावून ठेवा, सहाची नको. औषध मागवायला, रक्तातलं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व बघायला मधला महिना लागतो. मूत्रपिंड कमजोर असणाऱ्यांत या इंजेक्शननंतर कॅल्शियम धोकादायक खाली जाऊ शकतं. त्यांनी इंजेक्शननंतर एक-दोन आठवड्यांत ते पुन्हा तपासून घ्यावं. बोटांना, ओठांभोवती मुंग्या आल्या तर त्याच दिवशी.

दात काढायचा असेल तर दंतवैद्यांना या औषधाचं नाव सांगायचं. जबड्याच्या हाडाचा त्रास क्वचित होतो, पण दात काढायला लागू नये म्हणून इंजेक्शन लांबवत राहणं हा त्याहून मोठा धोका. दाताचं काम दोन इंजेक्शनांच्या मध्ये उरकता येतं.

प्रश्न : रोज सकाळी २० युनिट इन्सुलिन. नेहमीची लाल टोपणाची सिरिंज मिळाली नाही, केशरी टोपणाची आणली. २० च्याच रेघेपर्यंत भरतो. चार दिवस साखर ३०० च्या वर. इन्सुलिन खराब निघालं का?

इन्सुलिन ठीक असावं. सिरिंज चुकली आहे.

बाटलीवर बघा, ‘४० आययू/मिलि’ लिहिलेलं असेल. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. लाल टोपणाची सिरिंज त्यासाठीच आखलेली असते, केशरी टोपणाची १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी. सिरिंजला आत काय भरलंय ते कळत नाही, ती फक्त द्रव मोजते. केशरी सिरिंजवर २० ची रेघ म्हणजे ०.२ मिलिलिटर. तुमच्या बाटलीतल्या ०.२ मिलिलिटरमध्ये असतात ८ युनिट. तुम्ही चार दिवस २० च्या जागी ८ घेताय.

उलट चूक जीवघेणी. १०० युनिटच्या बाटलीतून लाल सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं तर ते ०.५ मिलिलिटर, म्हणजे ५० युनिट. अडीचपट.

आज लाल सिरिंज आणा. ती मिळेपर्यंत ‘अडीचने गुणून’ केशरीने भरावं का? गणित बरोबर आहे, २० युनिटसाठी ५० ची रेघ. पण हे घरात एकाला ठाऊक आणि दुसऱ्याला नाही, अशा वेळी अपघात होतात. कायमची सवय म्हणून तर मुळीच नको. पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्सुलिन ओढणंही टाळा. कार्ट्रिज बहुधा १०० चं असतं, काही २०० आणि ३०० चीही असतात.

या चार दिवसांत साखर जास्त म्हणून कुणी डोस वाढवून दिला असेल तर तो वाढलेला डोस योग्य सिरिंजमध्ये भरू नका. पहिल्या २० वर परत या आणि डॉक्टरांना सगळा प्रकार सांगा. अशा प्रकरणांत रुग्ण दवाखान्यात पोचतो तो साखर वाढल्याने नाही, चूक सुधारल्यावर ती एकदम खाली आल्याने.

सिरिंज बरोबर असूनही साखर वर-खाली होत असेल तर हात साबणाने ओले करून टोचायच्या जागेवरून फिरवा. एकाच ठिकाणी वर्षानुवर्षं टोचलं की तिथे रबरासारखी मऊ गाठ होते. तिथे दुखत नाही म्हणून माणूस मुद्दाम तिथेच टोचतो, आणि तिथून इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही. गाठ सोडून दुसरीकडे टोचायला लागाल तेव्हा डोस थोडा कमी करावा लागतो, ते आधी विचारून घ्या. पुढचं टोचणं आधीच्या जागेपासून बोटभर लांब. दुधट इन्सुलिन हलवायचं म्हणजे घुसळायचं नाही, तळहातांत दहा वेळा लाटायचं, दहा वेळा उलटं-सुलटं करायचं. उघडलेली बाटली साधारण चार आठवडे. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी टाकून द्यायचं.

साखर ७० च्या खाली आली तर १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटांनी पुन्हा मोजणं. सोबत ॲकार्बोज किंवा वोग्लिबोज चालू असेल तर साखरेचं पाणी उपयोगाचं नाही, कारण साध्या साखरेचं पचनच ही औषधं अडवतात. ग्लुकोज पावडरच हवी.

प्रश्न : ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची कॅप्सूल आठवड्याला एक, आठ आठवडे, असं सांगितलं होतं. वडिलांनी ती रोज घेतली, १८ दिवस. काय करू?

कॅप्सूल आणि कॅल्शियम दोन्ही आज बंद. रक्तातलं कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि २५-हायड्रॉक्सी ड, या तीन तपासण्या उद्या.

हिशेब केला तर १८ दिवसांत १०,८०,००० युनिट गेली; आठ आठवड्यांत जायची होती ४,८०,०००. हा आकडा घाबरण्याइतका मोठा आहे, पण विषबाधा झालीच असेल असं नाही. ठरवायचं ते कॅल्शियमवरून. ड ची पातळी १५० नॅनोग्रॅमच्या वर आणि कॅल्शियमही वाढलेलं, तर उपचार लागतात. सतत तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठ, उलट्या, सुस्ती, बोलण्यात असंबद्धपणा यातलं काही असेल तर उद्यापर्यंत थांबू नका, आजच दवाखान्यात न्या. रक्तदाबासाठी हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन चालू असेल तर आवर्जून सांगा. ती लघवीवाटे जाणारं कॅल्शियम अडवतात. हृदयासाठी डिगॉक्सिन असेल तर त्याहूनही आधी सांगा.

आजचा रिपोर्ट चांगला आला म्हणून निर्धास्त राहू नका. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं आणि सावकाश बाहेर येतं. काही आठवड्यांनी कॅल्शियम पुन्हा बघावं लागतं.

ही चूक जितकी वरचेवर होते तितकं पाकिटावरचं लेखन सुधारत नाही, हे खेदाने म्हणावं लागेल. ‘आठवड्यातून एकदा’ हे शब्द दहापैकी सात औषधं रोज घेणाऱ्या माणसाच्या नजरेतून सुटतात. पाकिटावर आठ तारखा पेनने लिहून द्या आणि घेतली की खोडा.

कॅल्शियम परत सुरू होईल तेव्हा एवढं लक्षात असू द्या. गोळीवरचे ‘कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम’ म्हणजे प्रत्यक्ष कॅल्शियम ५००. एका वेळी शरीर साधारण एवढंच नीट घेतं, त्यामुळे १००० हवं असेल तर दोनदा विभागून. कार्बोनेट जेवणाबरोबर. ॲसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर सायट्रेट बरं, त्याला जठरातल्या आम्लाची गरज नसते.

प्रश्न : प्रेडनिसोलोन २० मिलिग्रॅम चार महिने चालू आहे. चेहरा सुजला, साखर वाढली. उद्यापासून बंद करावं म्हणतो.

उद्यापासून बंद केलंत तर परवा-तेरवा रक्तदाब घसरून पडाल, ही शक्यता खरी आहे. बाहेरून स्टिरॉइड मिळत असलं की अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथी कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, बनवणं थांबवते. तीन-चार आठवड्यांवर औषध गेलं की ती झोपली आहे असंच धरून चालायचं, आणि तिला जागं व्हायला काही आठवडे ते काही महिने लागतात.

५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन म्हणजे साधारण शरीराची रोजची स्वतःची गरज. म्हणून २० वरून ५ ते ७.५ पर्यंत मूळ आजार जितकं उतरू देईल त्या वेगाने उतरता येतं. तिथून खाली मात्र महिन्याला १ मिलिग्रॅम असं चालतं. बऱ्याच जणांची गाडी अडते ती याच शेवटच्या उतारावर. थकवा, अंगदुखी, भूक मेलेली, उठल्यावर अंधारी. हा आजार उलटला की स्टिरॉइड कमी पडतंय, हे डॉक्टरांनी ठरवायचं. सकाळी आठचं कॉर्टिसॉल बघून ते बरंच कळतं.

मधल्या काळात ताप आला, शस्त्रक्रिया ठरली, अपघात झाला तर स्टिरॉइड कमी नाही, जास्त लागतं. २० वर असताना तापात बहुधा तेवढं पुरतं. ५ वर असताना दुप्पट करावं लागतं. उलट्यांनी गोळी पोटात राहत नसेल तर हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन, आणि ते लगेच. ‘मी स्टिरॉइडवर आहे’ अशी चिठ्ठी खिशात ठेवा.

साखर उपाशीपोटी मोजत असाल तर ती चांगलीच येईल आणि फसवेल. सकाळी घेतलेलं प्रेडनिसोलोन दुपार ते रात्र साखर चढवतं आणि पहाटेपर्यंत ती उतरते. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी मोजा. हाडांची सर्वांत जास्त हानी पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते, म्हणजे तुमची होऊन चालली आहे. हाडांच्या औषधाचं आताच विचारा, वर्षाने नाही.

यालाच जोडून: कुणाला थायरॉइड आणि अधिवृक्क दोन्हींची कमतरता असेल तर आधी स्टिरॉइड आणि मगच थायरॉक्सिन. उलट क्रमाने उरलंसुरलं कॉर्टिसॉल वेगाने संपतं आणि रुग्ण कोसळतो.

प्रश्न : युरिक ॲसिडसाठी ॲलोप्युरिनॉल १०० सुरू केलं आणि बाराव्या दिवशी अंगठा आधीपेक्षा जास्त सुजला. औषध उलटं पडलं का?

उलटं नाही, लागू पडतंय. रक्तातलं युरिक ॲसिड उतरायला लागलं की सांध्यात वर्षानुवर्षं बसलेले स्फटिक सुटे होतात आणि त्या सुट्या स्फटिकांवर शरीर चवताळतं. गोळी चालू ठेवा, झटक्यावर वेगळा उपचार घ्या. खरं तर पहिल्या दिवसापासून कोल्चिसिन ०.५ मिलिग्रॅम एकदा किंवा दोनदा, तीन ते सहा महिने, असं सोबत द्यायची पद्धत आहे; तुम्हाला का दिलं नाही ते विचारा. कोल्चिसिन घेताना क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक चालत नाही.

१०० हा सुरुवातीचा डोस, शेवटचा नाही. युरिक ॲसिड ६ च्या खाली येईपर्यंत तो काही आठवड्यांच्या अंतराने वाढवतात. झटका चालू असताना मोजलेलं युरिक ॲसिड कधी कधी खोटं नॉर्मल येतं.

गोळी तत्काळ थांबवायची ती अंगावर पुरळ उठलं तर, विशेषतः पहिल्या दोन महिन्यांत. आणि ॲझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध घेणाऱ्याने ॲलोप्युरिनॉल स्वतःहून कधीच सुरू करू नये; दोन्ही मिळून अस्थिमज्जा बंद पाडतात.

प्रश्न : मेटफॉर्मिनची सावकाश विरघळणारी गोळी शौचातून अख्खी पडते. म्हणजे वाया जाते ना?

पडतं ते रिकामं कवच. औषध झिरपून गेलेलं असतं. कवच दिसू नये म्हणून गोळी कुटून घेतलीत तर दिवसभराचा डोस एकदम सुटेल. चार-पाच वर्षं मेटफॉर्मिन झालं असेल तर बी-१२ तपासा. पायांची जळजळ सगळीच मधुमेहाची नसते. ईजीएफआर ३० च्या खाली गेलं तर हे औषध बंद, आणि जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलेलं असेल त्या दिवसांपुरतंही बंद.

प्रश्न : थायरॉइड वाढल्यामुळे कार्बिमाझोल सुरू करून पाच आठवडे झाले. दोन दिवस ताप आणि घसा दुखतोय. घरगुती काढा घेऊन बघू का?

पुढची गोळी घेऊ नका आणि आजच सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी करा, पांढऱ्या पेशी वेगळ्या मोजून. हजारातल्या दोन ते पाच जणांत हे औषध न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, जवळपास शून्यावर आणतं, बहुतेकदा पहिल्या तीन महिन्यांत, आणि त्याची पहिली खूण ताप आणि घसादुखी हीच असते. रिपोर्ट साधा आला तर गोळी पुन्हा सुरू होते, एक-दोन दिवस चुकल्याने थायरॉइडचं काही बिघडत नाही. पेशी उतरलेल्या निघाल्या तर त्याच दिवशी रुग्णालयात भरती, आणि कार्बिमाझोल पुन्हा कधीही नाही. बदल्यात प्रोपिलथायोयुरासिलही नाही, कारण तेही हेच करू शकतं. ताप उतरला म्हणून सीबीसी टाळू नका. आधी रिपोर्ट, मग गोळी.